नानांचा घसारा

जुनी गाडी दुरुस्त करावी की काढून टाकावी, हा प्रश्न गाडीवाल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. माणसं आठ-पंधरा दिवस डोकं खाजवतात, मेव्हण्याला विचारतात आणि काहीतरी एक करून मोकळी होतात. आमच्या नानांनी मात्र हा प्रश्न पाळला आहे. गेली दहा-बारा वर्षं तो त्यांच्याकडेच राहायला आहे. चहाच्या वेळेला ओटीवर येऊन बसतो, आल्यागेल्याशी त्याची रीतसर ओळख करून दिली जाते, आणि पाहुणा उठला की तो पुन्हा माजघरात जातो. एखाद्या नवख्याने चुकून त्याचं उत्तरच देऊन टाकलं, तर नाना त्याला दुसरा चहा विचारत नाहीत.

नाना रायगड जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. अलिबागेत चेंढऱ्याच्या आतल्या अंगाला त्यांचं कौलारू घर. मागे नारळ, पुढे शेड आणि शेडमध्ये १९९७ सालची मारुती एट हंड्रेड. पासिंग पेणचं, नंबर एमएच-०६चा, रंग आरसी बुकाप्रमाणे पांढरा.

इंजिन हा नानांचा हुकमाचा एक्का. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटरवालं. थंडीत चोक ओढला की दुसऱ्या सेल्फला चालू होतं आणि मग कार्ल्याची खिंड असो की पोयनाडचा ट्रॅफिक, तक्रार करत नाही. कंपनीने ही गाडी १९८३च्या डिसेंबरात बाजारात आणली आणि २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबवलं. मधल्या तीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी ती घेतली, त्यांतल्या बहुतेकांनी पुढे ती विकून दुसरी घेतली, तिसरी घेतली. नानांच्या मते या मंडळींना इंजिन कळलं नाही. "अरे, इंजिनाला काही म्हणजे काही झालेलं नाही," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणतात, आणि ते खरं आहे. अडचण आहे ती इंजिनाच्या भोवती जे काही आहे त्याची.

अलिबागेत लोखंड टिकत नाही. खिडकीचे गज रंगवून दोन पावसाळे झाले की पोपडे धरतात. फाटकाची बिजागरी कुरकुरते, मग अडते, मग एके दिवशी फाटक हातात येतं. लोखंडाला हवा आणि पाणी मिळालं की ते गंजणारच. त्यात मीठ पडलं की कामाला वेग येतो. इथे पाऊस चार महिने आणि खारा वारा बारा महिने. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आधी रंगाखाली फुगतो. वरून दिसतो तो हरभऱ्याएवढा फोड. आत बिऱ्हाड केव्हाच थाटलेलं असतं.

या विषयात नानांचा अधिकार मोठा आहे. पत्र्यावर बोटाचं पेर वाजवून आत काय आहे ते ते सांगतात. 'टण्' वाजलं तर पत्रा, 'ठप्प' वाजलं तर लांबी भरलेली, आणि नुसतं 'खस्स' झालं तर बोट लगेच काढून घ्यायचं. एकदा त्यांनी माझं बोट धरून डाव्या मडगार्डच्या कडेला टेकवलं.

"दाब."

मी दाबलं. बोट पेरापर्यंत आत गेलं.

"बघ," नाना म्हणाले, "कसा मऊ आलाय."

हापूसच्या पेटीबद्दल बोलावं तसं त्यांनी हे सांगितलं, आणि भोकावर तात्पुरती चिकटपट्टी लावली. चिकटपट्टी पांढरी होती. गाडीचा आरसी बुकाशी जुळणारा तेवढाच भाग.

नाना गाडीकडे दुर्लक्ष करतात असं कोणी समजू नये. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ते चटई टाकून गाडीशेजारी आडवे होतात आणि काकूंची सेफ्टी पिन घेऊन चारी दरवाज्यांच्या खालच्या कडेची भोकं साफ करतात. काचेवरून ओघळलेलं पाणी दरवाज्याच्या आत शिरतं, ते या भोकांतून निथळतं. भोकं मातीने बुजली की पाणी आतच साठतं आणि दरवाजा आतून गंजत बाहेर येतो. देशातले लाखो गाडीवाले ही भोकं न बघताच गाड्या विकतात, असं नाना खेदाने सांगतात. पिन वापरून झाली की काकूंना परत मिळते. काकू ती घेत नाहीत.

रविवारी संध्याकाळी नागावच्या किनाऱ्यावर गेलं, की मुंबई-पुण्याची मंडळी नव्या कोऱ्या गाड्या लाटांत घालून फोटो काढताना दिसतात. नाना तिथे उभे राहू शकत नाहीत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात शिरतात आणि काचेवर टकटक करतात. "अहो, घरी गेल्यावर खालून धुवा! खालून! वरून धुऊन काय उपयोग?" आतल्या माणसाला वाटतं, हा पार्किंगचे पैसे मागतोय. एकाने वीस रुपये काढून दिलेही होते. नानांनी ते परत केले, पण रजिस्टरला नोंद केली.

हे रजिस्टर म्हणजे नानांचं खरं वाहन. जाड पुठ्ठा, लाल कापडी पाठ, आत रकाने आखलेले. गाडीवर झालेला प्रत्येक खर्च व्हाउचर क्रमांकासह त्यात आहे. खर्चाचे दोन भाग: महसुली आणि भांडवली. हवा भरणं, धुणं, ऑइल बदलणं हे महसुली. टायर, बॅटरी, क्लचप्लेट हे भांडवली, म्हणजे त्याने गाडीची किंमत वाढते. आणि दर ३१ मार्चला घसारा. गाडी घेतली तेव्हा रस्त्यावर यायला दोन लाख आठ हजार लागले होते. दहा टक्के दराने, घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा काढत आलं तर अठ्ठावीस वर्षांनी १०,८८६ रुपये उरतात. ही पद्धत नानांना फार प्रिय आहे, कारण तिच्यात किंमत कितीही खाली आली तरी शून्य कधीच होत नाही. त्यात भांडवली खर्च मिळवले की काही वर्षी गाडीची किंमत चक्क वर जाते. ज्या वर्षी दोन टायर आणि रेडिएटर झाला, त्या वर्षी ती खाली यायच्या ऐवजी वर गेली होती. ताळेबंद मला दाखवताना नानांचा ऊर भरून आला होता. शेडमध्ये त्याच वेळी मागच्या बंपरचा डावा कान गळून पडला होता.

गाडी विकायला नानांची तत्त्वतः ना नाही. "काढायचीच आहे रे," ते म्हणतात, "पण आत्ताच बॅटरी घातली." बॅटरीची तीन-चार वर्षं संपत येतात, तोवर क्लचप्लेट जाते. क्लचप्लेट नवी घातल्यावर गाडी लगेच विकणं म्हणजे दुसऱ्याच्या पायाला आपली क्लचप्लेट. ती थोडी वापरून होते, तोवर टायर गुळगुळीत झालेले असतात. टायर घातले की आता तीस-चाळीस हजार किलोमीटर बघायला नको. ते होतात तोवर बॅटरी गेलेली असते. गाडी विकायचा मुहूर्त म्हणजे सगळे पार्ट एकाच दिवशी जुने झाले पाहिजेत, आणि पंचांगात असा योग नाही. मी हा हिशोब बराच काळ तपासला आहे. त्यात चूक काढता येत नाही. फक्त या फेऱ्यात पत्रा कुठेच येत नाही, कारण तो बदलता येत नाही.

त्यात सरकारने आणखी एक कारण पुरवलं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली. नानांच्या गाडीची मुदत त्याच वर्षी फेब्रुवारीत संपत होती. नानांनी सहाशे भरले. पर्यावरण कर वेगळा भरावा लागला, पण त्याचा ते उल्लेख करत नाहीत. आयुष्यात काय कमावलं असं कोणी विचारलं तर नाना मुलगा सांगतील, घर सांगतील, पण आवाज खाली आणून जे सांगतील ते हे चार हजार चारशे रुपये. आता सहाशेत घेतलेली पाच वर्षं वापरल्याशिवाय गाडी विकायची म्हणजे ते चार हजार चारशे अक्षरशः घेणाऱ्याच्या खिशात घालायचे! पुढे २०२५ साली वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी दहा हजार झाली, तेव्हा नानांनी पेढे वाटले नाहीत एवढंच.

मुलगा टोरांटोला असतो. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाड्या खालून सडतात, हे त्याने बापाला सांगितलं, तो दिवस नानांच्या आयुष्यातला एक मोठा दिवस. "म्हणजे बघ," ते मला म्हणाले, "आपल्याला मीठ समुद्र फुकट देतो. तिकडे नगरपालिका पैसे खर्च करून टाकते!" परदेशाबद्दल त्यांना जो काही न्यूनगंड होता तो तिथे संपला. मुलाने आपण आठ वर्षांनी गाडी बदलली हेही सांगितलं होतं. ते त्यांनी ऐकलं नाही.

तरीही गाडीचं निम्मं वाटोळं नानांच्या मायेनेच केलं, हे सांगायला हवं. शेड व्हायच्या आधी कित्येक पावसाळे त्यांनी गाडीला मेणकापडात गच्च गुंडाळून वर सुतळी बांधली. आत गेलेला दमट वारा बाहेर यायला जागा नाही. गाडी चार महिने वाफेवर. आतल्या गालिच्याखाली फोमचा थर असतो, तो एकदा भिजला की गणपतीपर्यंत वाळत नाही, आणि त्याच्याखाली जमिनीचा पत्रा गुपचूप पातळ होत राहतो. उघड्यावर भिजून वाऱ्यावर वाळलेली शेजाऱ्यांची गाडी जास्त टिकली असती. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळात शेडचे पत्रे उडून पार पलीकडच्या वाडीत पडले आणि मागच्या माडाची झावळी टपावर आली, त्या दिवशी गाडीला पहिल्यांदा मोकळी हवा मिळाली. टपाला पोचा आला. नानांनी तो तसाच ठेवला आहे. येणाऱ्याला दाखवतात.

मग जॅकचं प्रकरण झालं.

चौलला एका मुंजीला जायचं होतं. सकाळी बघतो तर पुढचं उजवं चाक बसलेलं. मी शेजारी, वयाने लहान, म्हणून चाक बदलायला मी. रनिंग बोर्डाखाली जॅकची ठरलेली जागा असते, तिथे जॅक लावला आणि फिरवायला घेतला. जॅक व्यवस्थित वर चालला होता. गाडी जागच्या जागी होती. आतून चुलीत वाळकं पान चुरगळावं तसा आवाज येत होता.

"नाना, जॅक आत जातोय."

"जाऊ दे," नाना म्हणाले, "कुठेतरी टेकेल."

तो टेकला. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा हळूहळू तंबूसारखा वर आला आणि आत बसून पाटावरचा मुंजा कोणता ते आहेराच्या पाकिटावर लिहीत असलेल्या काकू किंचाळून बाहेर पडल्या. मुंजीला आम्ही रिक्षाने गेलो. तो खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली घालावा यावर नाना चौलपर्यंत विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात रॅम्पवर चढली. मेस्त्रीने खालून टॉर्च मारला, स्क्रूड्रायव्हरने दोन-चार ठिकाणी टोचलं आणि वर न बघताच निकाल दिला: "नाना, गारी सवयीनं उभी हाय, पत्र्यानं नाय."

ही गाडी म्हणजे जीप-ट्रक नव्हे, की खाली वेगळी चेसिस आणि वर खोका. पत्र्याचं अंगच तिचा सांगाडा. त्यामुळे मडगार्डला भोक पडलं तर ते फक्त दिसायला वाईट; पण रनिंग बोर्ड, जमीन, आणि पुढच्या शॉकअपचं वरचं टोक जिथे बसतं ती जागा सडली, तर गाडी चालवणाऱ्याने विमा कंपनीपेक्षा कुलदैवताशी बोलावं. मेस्त्रीने बॉनेट उघडून ती शॉकअपची जागा दोन्ही बाजूंनी ठोकून बघितली. टण्. बॅटरीचा ट्रे मात्र ॲसिडने खाल्लेला. बॅटरी नायलॉनच्या दोरीने आणि परंपरेने धरून ठेवली होती. दोन्ही रनिंग बोर्ड, पुढची जमीन, दोन मडगार्डच्या कडा, ट्रे, वरून रेडऑक्साइड आणि रंगाचा हात: बेचाळीस हजार. भंगारवाला वजनावर जे देत होता, त्याच्या दुपटीहून जास्त.

इथे कोणालाही वाटेल, की झालं, ठरलं. आणि खरं सांगायचं तर इथेच नानांना हसणं कठीण होतं. साधीशी नवी गाडी पाच-सहा लाखांच्या घरात. बेचाळीस हजारांत तिचे फार तर चार-पाच हप्ते. नवी गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडताच जेवढी उतरते, तेवढ्यात नानांची गाडी दोनदा नव्याने ठोकून निघेल. महिन्याला दोनदा बाजार, एकदा पोयनाड, क्वचित पेण. एवढ्यासाठी कोणी सहा लाख कशाला घालावेत? रस्त्यात जी माणसं नानांच्या गाडीकडे बघून हसतात, त्यांतली निम्मी हप्त्यांवर हसत असतात.

पण पत्रा ठोकणाऱ्या डेंटरचं म्हणणंही खोटं नव्हतं. ठिगळ वेल्ड करायचं तर त्याच्या कडेला धड पत्रा लागतो. कापत कापत धड पत्र्यापर्यंत जायचं आणि तिथे नवा जोडायचा. दोन-तीन पावसाळ्यांनी त्या जोडाशेजारीच गंज पुन्हा डोकं काढतो, आणि पुढच्या वेळी धड पत्रा आणखी लांब गेलेला असतो. "अब की बार हो जायेगा, चाचा," तो म्हणाला, "अगली बार वेल्डिंग किस को करूँ?" नानांनी याचं भाषांतर काकूंना 'या वेळी होईल म्हणतो' एवढंच करून सांगितलं.

ओटीवर सभा झाली. हजर: नाना, काकू, पलीकडचे निवृत्त गुरुजी, मी, मोबाईलवर मुलगा, टोरांटोत रात्रीचे अडीच. नानांनी इतिवृत्त लिहायला घेतलं. गुरुजी म्हणाले, स्क्रॅपिंगच्या सरकारी योजनेत गाडी मोडीत दिल्याचा दाखला मिळतो, त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत आहे. नाना म्हणाले, सवलत घ्यायला आधी नवी गाडी घ्यावी लागते, म्हणजे खर्च वाचवायला खर्च करायचा, याला लेखापरीक्षणात आक्षेप येईल. मुलगा म्हणाला, बाबा, सुरक्षितता. नाना म्हणाले, चाळीसच्या वर मी कधी गेलो? काकू म्हणाल्या, "अहो, एक तर गाडी विका, नाही तर हा विषय तरी विका." ही सूचना इतिवृत्तात आली नाही. ठराव असा झाला, की बाजारभाव अजमावून विषय पुढील सभेत ठेवावा.

बाजारभाव अजमावायला रेवदंड्याचा एक तरुण आला. त्याला जुन्या एट हंड्रेड घेऊन त्यांचं काहीबाही करण्याचा नाद होता. त्याने गाडीला एक चक्कर मारली आणि खिशातून रुमालात गुंडाळलेला लोहचुंबक काढला. फुटलेल्या स्पीकरचा, पुरणपोळीच्या गोळ्याएवढा. जुनी गाडी घेणाऱ्यांची ही नेहमीची युक्ती. पत्रा असेल तिथे चुंबक चिकटतो, लांबी भरली असेल तिथे निसटतो. दरवाज्याच्या वरच्या अर्ध्या भागाला तो टच्च बसला. पोरगा तो खाली खाली आणत गेला. हँडलच्या खाली चार बोटं आल्यावर चुंबक टप्पकन नानांच्या अंगठ्यावर पडला.

"इथे लोखंडच नाही, काका."

नानांनी आधी पाय चोळला. मग सरळ उभे राहून त्यांनी जे भाषण केलं ते मी शब्दशः लिहून ठेवायला हवं होतं. अलिबागेत चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेत, पण मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या विजेने उपकरणं चळणार, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागेला आणलं. इमारत बांधताना चुंबकाला ओढेल असं काही वापरायचं नाही, म्हणून पोरबंदरचा दगड आणला आणि लोखंडाच्या जागी तांबं-पितळ घातलं. अलिबागचं पोरसुद्धा हे शाळेत ऐकतं. त्याचा असा उपयोग मात्र आजवर कोणी केला नव्हता.

"एकशेवीस वर्षं उभी आहे ती इमारत," नाना म्हणाले, "आणि कुठेही चुंबक लाव, चिकटणार नाही! लोखंड नसणं हा दोष असेल, तर आधी ती पाडायला सांग. मग माझ्या दरवाज्याकडे ये."

पोराने आठ हजार सांगितले होते, ते मागे घेतले. नानांच्या रजिस्टरला त्या दिवशी गाडीची किंमत चौदा हजार दोनशे होती. नाना म्हणाले, पुस्तकी किमतीच्या खाली मालमत्ता विकायला वरिष्ठांची मंजुरी लागते, आणि घरात आपल्याला वरिष्ठ कोणी नाही. हे त्यांनी काकू आत गेल्यावर म्हटलं.

गाडी ठोकायला गेली. महिना लागला. परत आली तेव्हा खरोखर बरी दिसत होती. चारी बाजूंनी 'टण्' वाजत होती, आणि नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला वाजवून दाखवत होते. बेचाळीस हजार भांडवलीत गेले. आता तर विकायचा प्रश्नच नव्हता; नुकताच पत्रा बदलला होता.

त्याच सुमारास, २०२५च्या सप्टेंबरात, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. नाना म्हणाले, एकदा कमी केलाय म्हणजे आणखी कमी करतील, थांबू या. मुलगा थांबला नाही. त्याने तिकडून पैसे भरून परस्पर गाडी बुक केली आणि दसऱ्याला दारात नवी गाडी उभी राहिली. राखाडी, मागे कॅमेरा, आत टीव्हीएवढी काच. काकूंनी ओवाळलं. नानांनी वाकून दरवाज्याखालची भोकं मोजली. मग म्हणाले, "चांगली आहे. जपायला हवी."

त्यांनी ती जपली. शेडमध्ये नवी, जुनी बाहेर, कारण ती सरावलेली. नवी गाडी पावसात काढायची नाही. वडखळच्या रस्त्याला घालायची नाही. बाजारात नाही, कोणी घासेल. लग्नकार्याला नाही, पोरं बॉनेटवर बसतात. समुद्राच्या बाजूला अर्थातच नाही. आणि अलिबागेत समुद्राच्या बाजूला न जाता जाण्यासारख्या जागा थोड्याच. मांडव्याहून रो-रोने मुंबईला न्यावी असं मी एकदा सुचवलं. "मिठाच्या पाण्यावरून?" एवढंच ते म्हणाले, पण पुढे दोन दिवस माझ्याशी तुटक होते. एकूण हिशोब असा झाला, की नवी गाडी आल्यामुळे जुनी ठेवणं भाग पडलं. पूर्वी ती महिन्यातून चारदा बाहेर पडायची, आता रोज पडते. तिचं मन कसं रमलंय बघ, असं नाना म्हणतात.

होळीच्या सुमारास टोरांटोहून मुलगा आला. त्याने मोठ्या हौसेने नव्या गाडीचं बटण दाबलं. काचेवर सगळे दिवे एकदा लागले आणि गेले. महिनोन्‌महिने जागेवर उभी राहून बॅटरी बसली होती. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी जुनी गाडी फाटकातून आत घेतली, नवीच्या नाकाला नाक लावून उभी केली, बॉनेट उघडून लाल-काळ्या वायरी जोडल्या आणि सेल्फ मारला. दुसऱ्या सेल्फला तीन सिलिंडर सुरू झाले. मिनिटभराने नवी गाडीही सुरू झाली. मुलगा आईकडे बघत होता. आई नारळ सोलायला निघून गेली.

संध्याकाळी नाना रजिस्टर घेऊन माझ्याकडे आले. नव्या गाडीसाठी त्यांनी वेगळं पान काढलं होतं. घसाऱ्याचा पहिला आकडा तिथे लाल शाईने होता. जुनीचा अठ्ठावीस वर्षांचा सगळा जमेला धरला तरी एवढा होत नसावा अशा चेहऱ्याने ते त्याकडे बघत होते.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं. "टायर अजून नवे आहेत, बॅटरी आता नवी घालावी लागणार. मुलगा परत गेला, की बॅटरीचा खर्च करायच्या आधीच ती काढून टाकू? आत्ता किंमत येईल."